धुईचा कौल

पौष व. ४, शके १८५२

यमू, फार उशीर झाला. तुझं पत्र देवदिवाळीला आलं आणि मी लेखणी हातात धरतोय ती आज, पौषात. रागावू नकोस. रोज उद्या लिहू म्हणत राहिलो. आधी काय लिहावं ते सुचेना, मग दौतीतली शाई वाळली, मग खोकला. खरं सांगायचं तर तुझ्या पत्राची भीतीच वाटली.

आता असं ठरवलंय की जसं घडेल तसं या वहीत टिपून ठेवायचं. त्यातलं पाठवण्याजोगं असेल ते उतरवून तुला पाठवीन. बाकीचं माझ्यापाशी राहील.

तू लिहिलंस, चौथा महिना आहे, चिंच नको, बोरं नकोत, काही नको. "नाना, मला आपल्या राईतली धुई बघावीशी वाटते. सकाळी देवीला फुलं न्यायचो तेव्हा झाडं अर्धीच दिसायची, तशी. इथे कराचीत नुसतं ऊन आणि वाळू. तुमच्या डब्यातून फोटो काढून पाठवाल का?"

असला डोहाळा कुणाला लागल्याचं मी तरी ऐकलं नाही. तुझ्या आईला विचारलं. म्हणाली, "डोहाळा तो डोहाळा. पुरवा. नाहीतर पोराची लाळ गळेल जन्मभर." हसत म्हणाली, पण लगेच उठून आत गेली. तुझी आधीची दोन्ही बाळं सातव्यात गेली. तिच्याही मनात तेच असणार. बोलत नाही. मीही बोलत नाही.

तेव्हा चौथा, म्हणजे आता सहावा. माघात सातवा लागेल.

पौष व. ६

डबा माळ्यावरून काढला. उंदरांनी भात्याला भोक पाडलंय. काळ्या कापडाचं ठिगळ खळीनं चिकटवलं. सुकलं की बघू.

गाव मला फोटोवाले नाना म्हणतं. गिरगावात फोटोच्या दुकानात जन्म गेला हे खरं, पण ज्यांवर फोटो उतरतो त्या काचा धुण्यात. फोटो शेठ काढायचे. मी अंधाऱ्या खोलीत. दुकान मोडलं तेव्हा त्यांनी जुना डबा मला दिला, उरलेल्या काचांची पेटीही दिली. त्यानंतर गावात फोटो काढले ते किती? तुझ्या लग्नातला एक, त्यात जावयांचं डोकं नाही.

काचाही तेव्हाच्याच. काचा धुवायची हायपोची पूड थोडीच उरलीय, आणखी मुंबईहून आणायला दिघीच्या बोटीवर निरोप दिलाय.

पौष व. ९

राईत जाऊन आलो. धुई नाही. लख्ख. उतारावरून थेट खाडीपर्यंत दिसत होतं, गलबताची शिडंसुद्धा. थंडी मात्र चांगली.

गारंबीचा वेल आहे तसाच आहे, तू झोके घ्यायचीस तो. आणखी जाड झालाय. पानं गळायला लागलीत, पायाखाली वाजतात.

भाता गळतो का बघायला एक काच खर्ची घातली. वेलाचाच घेतला.

पौष व. १०

हे काय झालं कळत नाही. कणगीच्या खोलीत फटींना गोणपाट लावून, कंदिलाला लाल फडकं गुंडाळून काच धुतली. कागद उन्हात ठेवला. फोटो आला तो सगळा धुरकट. वेल पुसट, मागची झाडं त्याहून पुसट. काल तर ऊन होतं! काच जुनी झाली म्हणून असं होतं, शेठ म्हणायचे. काच आतून मळते.

तुझी आई खूश. "अहो, ही धुईच की! द्या पाठवून. झालं काम."

"धुई नव्हती."

"तिला काय कळतंय?"

बराच वेळ फोटो हातात धरून बसलो. खरंच, धुईच वाटते. पण खोट्यानं डोहाळा पुरतो का? जेवणाऱ्याला चित्रातला लाडू दाखवावा तसं. आणि पुरला नाही तर? सातव्यात काही झालं तर मी कुणाकडे बघू?

पेटीत ठेवला. पाठवायचा नाही. निदान आत्ता नाही.

पौष व. १३

धु. नाही.

थोरल्या दादांकडे गेलो होतो. अंगण एकच, तरी चार दिवसांत बोलणं नव्हतं. दादा ओट्यावर, समोर गुळाचा खडा, फार आनंदात. राईच्या खाली त्यांची आंब्याची बाग, यंदा एकेक झाड मोहोरानं पिवळं झालंय. मला हाताला धरून नेलं. म्हणाले, "वास घे, गणू. इतका मोहोर बाबांच्या वेळेलाही नव्हता. आता एवढी धुई तेवढी पडायला नको. माघ कोरडा गेला की मी जिंकलो."

मी वास घेतला. म्हटलं, हो.

धुई पडली की मोहोर चिकट होतो, तुडतुडे बसतात, काळा पडून गळतो. हे काय मला माहीत नाही? लहानपणी बाबा धुई बघून डोक्याला हात लावायचे. मी कसं विसरलो?

मला धुई हवी म्हणून दादांना सांगायचं होतं. न सांगताच परतलो.

माघ शु. २

एक गोष्ट केली आहे. चांगली की वाईट, कळत नाही. हे पान पाठवायचं नाही.

धाकू गुरवाकडे गेलो. त्याला म्हटलं, देवीला कौल लावायचाय. त्यानं विचारलं, "कशापायी?" म्हटलं, "धुई पडू दे म्हणून." तो हसला. मग मी तुझ्या डोहाळ्याचं सांगितलं तेव्हा हसायचा थांबला. "लेकीचा डोहाळा म्हंजी हसन्यावारी न्यायचं काम न्हाय," म्हणाला.

पाषाण धुतला, दोन्ही खांद्यांना जाईच्या पाकळ्या ओल्या करून लावल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. धाकूनं गाऱ्हाणं घातलं, "आये, नानांची लेक लांब मुलखात पोटुशी हाय. तिला तुझ्या राईतली धुई बघायची हाय. धुई दे, सांभाळ कर." मी हात जोडून उभा. उजवी पडली. पटकन पडली, वाट न बघता.

परत येताना धाकू म्हणाला, "परवा तुमचे दादाबी आले हुते. मोहोर राख म्हनून. त्यांनाबी उजवीच."

दोघांनाही हो? मग देवी करणार काय?

माघ शु. ५

धु. नाही. वसंतपंचमी. तुझ्या आईनं देव्हाऱ्यात आंब्याचा मोहोर वाहिला, दादांच्याच झाडाचा. वहिनींनी स्वतः आणून दिला.

तुझ्या आईला कौलाचं सांगितलं. ती म्हणाली, "देवीला दोघे सारखेच. तुम्हाला कुणी सांगितलं होतं एकाच घरातून दोन मागण्या घेऊन जायला?" मग थोड्या वेळानं, "पण येऊ दे हो धुई. एकदाच येऊ दे."

आज तुझा सातवा लागला, तिच्या हिशेबानं. माझ्या हिशेबानं अजून आठवडा आहे. दोघांच्या हिशेबात नेहमीच फरक.

माघ शु. ८

आली!

उठलो तर अंगणातली तुळस दिसेना. डबा, तिपाई, काळं फडकं, सगळं घेऊन निघालो. काय ती राई! झाडांना बुंधेच नाहीत, नुसते शेंडे लोंबकळतात. कुठे शेंडा नाही, नुसता बुंधा. पानांवरून पाणी ठिबकतंय. अगदी तू म्हणालीस तशी. फडक्याखाली डोकं घातलं तर काचेवर काहीच दिसेना, दिवस उजाडला की नाही तेही कळेना. झाकण काढलं, मनात आकडे मोजले, घाबरून विसरलो, पुन्हा मोजले.

येताना बागेशी दादा उभे. धुईत मला ओळखलं नाही, की ओळखून बोलले नाहीत?

माघ शु. ९

कागदावर नुसतं पांढरं. झाड नाही, वेल नाही. विरजलेल्या दुधाचा फोटो काढावा तसा.

आजही धुई. पुन्हा गेलो. पुन्हा काढला. पुन्हा पांढरं.

खोटा फोटो जास्त खरा दिसतो. हे काय गौडबंगाल?

माघ शु. ११

धुई. रोज.

दादांच्या बागेत झाडाझाडाखाली धुनी पेटवलीय, ओला पाला टाकून. धूर आणि धुई एक झालीत, घरात डोळे चुरचुरतात. वहिनींचा आवाज ऐकू येतो, "तिकडं खालच्या अंगाला टाका, तिकडं!" मला मदतीला कुणी बोलावलं नाही. मी जायला हवं होतं. गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाणार?

संध्याकाळी एक डहाळी खाली पडलेली बघितली. मोहोर काळा. बोटाला चिकटतो.

माघ शु. १३

दादांना कळलं. धाकू गुरव पोटात काही ठेवायचा नाही हे मला ठाऊक असायला हवं होतं.

आले ते उंबऱ्यातच उभे राहिले. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"गणू, तू देवीकडे धुई मागितलीस?"

"दादा, यमूसाठी..."

"माझा मोहोर दिसत नव्हता तुला? वास घेऊन गेलास ना?"

तुझी आई मध्ये पडली. "भाऊजी, पोरीचा डोहाळा आहे. दोन गेली तिची."

"ते मला सांगतेस?" दादा म्हणाले. "मला माहीत नाही? मग मला सांगायचं. मी नाही म्हटलं असतं का? एक सकाळ धुई पडली तर एक सकाळ. पण हा चोरून जातो आणि रोजची मागून येतो!"

मी म्हटलं, "रोजची नाही मागितली."

"मग ही काय आहे?"

गेले. वहिनींनी दोन्ही घरांमधलं दार लावून घेतलं. ते दार आजवर कधी लागलं नव्हतं. त्याला कडी आहे हेही आम्हाला माहीत नव्हतं.

माघ पौर्णिमा

दिवसभर तेच. मी रोजची मागितली होती का? आठवून आठवून बघतो. धाकू काय बोलला होता? "धुई दे" एवढंच. एक दिवस असं कुणीच म्हटलं नव्हतं.

धाकूकडे गेलो.

"किती दिस त्ये तुम्ही मांगितलंच न्हाय, नाना."

"तू का नाही विचारलंस?"

"म्या कशाला इचारू? कौल तुमचा. देवी देतीया. पुरे म्हनंपत्तुर देनार."

"मग आता पुरे म्हणून सांग तिला. लाव कौल."

"तसं न्हाय व्हत." धाकू पाटा धूत होता, मान वर न करता बोलत होता. "पयला कौल पुरा व्हया पायजे. फोटू निगाला, देवीम्होरं नारळ वाढवलात, मंग दुसरी गोस्ट. अर्ध्यात सोडलं तर तिचा कोप व्हईल. तोबी तुमच्यावर न्हाय, जिच्यासाठी मांगितलं तिच्यावर."

जिच्यासाठी मागितलं तिच्यावर!

म्हणजे फोटो निघेपर्यंत धुई जायची नाही, आणि फोटो तर निघत नाही. हे सगळं मी खरं मानतो की नाही, तेही मला सांगता येत नाही. गिरगावात असतो तर हसलो असतो. इथे दाराबाहेर धुई आहे.

माघ व. १

शेठचं एक बोलणं आज अचानक आठवलं. मेमसाहेबांचे पांढरे झगे असत तेव्हा ते म्हणायचे, पांढरं दाखवायचं तर जवळ काहीतरी काळं उभं कर. मी लांबच्या झाडांचे फोटो काढत होतो. धुईत लांबचं काहीच नसतं. अगदी पुढ्यात काळं काही हवं, मग मागचं फिकट दिसेल.

पण काळं काय? वेल ओला होऊन राखाडी झालाय. तुझ्या आईची काळी चंद्रकळा झाडावर टाकू म्हटलं. ती म्हणाली, "बुजगावणं करताय का माझ्या लुगड्याचं?"

माघ व. २

आज जे झालं ते लिहितो.

मी निघालो तर अंगणात दादा. डोक्यावरून काळी घोंगडी, हातात काठी. त्या दिवसापासून बोललेले नाहीत.

"धाकूनं सगळं सांगितलं," म्हणाले. "फोटो निघाल्याशिवाय ही धुई जात नाही म्हणे."

"म्हणे."

"मग काढ एकदाचा. का काढत नाहीस?"

"काढतोय, दादा. येत नाही."

"येत नाही म्हणजे? जन्म घालवलास त्या दुकानात!"

"काचा धुतल्या मी. फोटो शेठ काढायचे."

एवढी वर्षं दादांना हे माहीत नव्हतं. गावातच माहीत नव्हतं. मीही कधी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. मग त्यांनी तिपाई उचलून खांद्यावर घेतली आणि पुढे चालायला लागले. "चल. धुतल्या तर धुतल्या."

राईत काही दिसत नव्हतं. दादांच्या पाठीमागून, घोंगडीकडे बघत चाललो. काळी घोंगडी. तेव्हा लक्षात आलं.

"दादा, वेलापाशी उभे राहाल का?"

"मी? यमूला राई हवी, मी नको."

"तुम्ही काळे आहात."

"हो का? आणि तू रे मोठा गोरा!"

हसलो मी. तेही हसले असावेत, घोंगडीत दिसलं नाही. वेलाला धरून उभे राहिले. मी म्हटलं, हलू नका. "हलत नाही, मोज तू." झाकण काढलं. मोजताना वरून टपकन पाणी पडलं त्यांच्या मानेवर, आणि त्यांनी मान वळवली. मी झाकण लावलं नाही. मोजत राहिलो.

परत येताना त्यांना एकच विचारलं. बागेत काही राहिलंय का?

"वरच्या अंगाची थोडी झाडं. बघू."

माघ व. ३

आला.

वेल काळाभोर, अगदी पुढे. त्याला धरून दादा, अंगभर काळे, आणि डोकं नाही. म्हणजे आहे, पण पुसट. मान हलवली तिथे नुसता धूर. मागे एक झाड, त्यामागे अर्धं, त्यामागे असेल असं वाटणारं. मग काही नाही. धुई. खरी.

तुझी आई कागद डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिली. म्हणाली, "भाऊजी कुठे संपतात आणि राई कुठे सुरू होते, कळत नाही." पदरानं डोळे पुसले. धूर अजून घरात आहेच म्हणा.

दादांना नेऊन दाखवला. मधलं दार उघडं होतं. "माझं तोंड कुठाय?" म्हणाले. वहिनी म्हणाल्या, "बरंच झालं, पोटुशीला दाखवायचाय ना!" सगळे हसले. कोपऱ्यात काळ्या मोहोराचा ढीग झाडून ठेवलेला होता.

माघ व. ४

नारळ वाढवला. दादाही आले होते.

आणि आज धु. नाही. सकाळी डोळे चोळून बघितलं. नाही.

धाकू म्हणतो, बगा, पुरा झाला कौल. तुझी आई म्हणते, वारा फिरलाय कालपासून, थंडी सरली, जायचीच होती. दोघंही ठामपणे बोलतात. मला ठाम काही बोलता येत नाही. वारा फिरला हे खरं. पण कुणी फिरवला?

माघ व. ५

फोटो पुठ्ठ्यात घालून, मेणकापडात बांधून पोस्टात दिला. सोबत पत्र. त्यात काय लिहायचं यावर सकाळ गेली. दादांनी येऊन बजावलं, "मोहोराचं लिहू नकोस. अशा वेळी तिच्या जिवाला घोर नको. काकांची बाग बरी आहे एवढंच लिही."

तसंच लिहिलं. खोटा फोटो पाठवला नाही आणि खोटं पत्र पाठवलं. आता यातलं तुला काय पोचणार?

माघ व. १४

दादा शिवरात्रीला हरिहरेश्वरला जाऊन आले. भस्म आणून तुझ्या आईच्या हातात दिलं. वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भावजी, हे आंब्याचं काही मागतील म्हणून मी कान देऊन उभी होते. एक अक्षर नाही काढलं. नुसतं यमू, यमू."

सातवा अजून आहे. तुझ्या आईचा संपत आलाय, माझा अजून बराच आहे.

फाल्गुन शु. १२

राईत गेलो, डबा न घेता. झाडं निम्मी उघडी. पांगारा लाल झालाय, पान एक नाही आणि वर नुसती फुलं, मैनांचा कलकलाट. ऊन थेट जमिनीवर. ही राई बघून कुणाला धुई आठवेल? मलाच ती स्वप्नात बघितल्यासारखी वाटते. घरी येऊन फोटोची दुसरी प्रत पेटीतून काढून बघितली. आहे. दादा आहेत.

आज माझ्याही हिशेबानं सातवा संपला. तुझ्या आईला सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. थापायची थांबली आणि पुन्हा थापायला लागली.

संपला, म्हणजे आमच्या इथे संपला. तिथे काय झालं ते कुठे माहीत आहे?

फाल्गुन पौर्णिमा

होळी. नैवेद्य दाखवला. पत्र नाही.

पुठ्ठा पोचला असेल ना? मेणकापड नीट बांधलं होतं का? बोटीवर ओलावा. पत्ता तूच लिहून दिलेल्या कागदावरून उतरवला, दोनदा ताडून बघितला. तरी आता वाटतं, एखादं अक्षर राहिलं असेल.

फाल्गुन व. ५

पत्र नाही.

दादांच्या वरच्या झाडांवर कैऱ्या धरल्यात, बोराएवढ्या. खालची बाग मोकळी. व्यापारी येऊन बघून गेला. दादा त्याला म्हणाले, "यंदा घरापुरताच आहे." मी भिंतीआड उभा होतो. आत जाऊन बसलो.

फाल्गुन व. १२

टपालवाला आला. दादा बांधापर्यंत आडवे गेले त्याला. हल्ली रोज जातात. आज त्याला ओट्यावर बसवून पाणी दिलं, गूळ दिला, आणि विचारत बसले, कराचीची थैली वेगळी येते का, बोटीनं येते की गाडीनं, मध्ये कुठे पडून राहते का. तो बिचारा म्हणाला, "मला दिघीपासून पुढचं काय ठाऊक? मी चालत येतो."

तुझी आई हल्ली माझ्याशी कमी बोलते. रागानं नाही. बोललं की तेच निघेल म्हणून.

मी मनात उलटसुलट करतो. पोचला तेव्हा उशीर झाला होता का? मी देवदिवाळीलाच बसलो असतो, पौषात काचा नव्या मागवल्या असत्या, दादांना आधी सांगितलं असतं. की मुळात काढायलाच नको होता? देवीनं धुई दिली ती दादांकडून घेऊन दिली. मग तुझ्या पदरात पडली का? की वाटेत कुठे

पुढे लिहवत नाही.

चैत्र शु. ३

यमू, पाडवा झाला. गुढीला आंब्याची डहाळी दादांनीच आणून दिली.

आता नववा लागत असणार. असणार, असंच लिहितो.

आज दादा म्हणाले, आता तार करू. जावयांना तार, उत्तराचे पैसे भरून. निघालेसुद्धा, वहाणा घातल्या. तुझ्या आईनं दारात आडवा हात घातला. "तार नको, भाऊजी. तारेला तारच येईल." दादांनी वहाणा काढल्या. बराच वेळ तिथेच, एक पाय ओट्यावर एक खाली, असे उभे होते.

म्हणून मीच लिहितो. आजवरच्या या वहीतलं काही उतरवत नाही. एवढं एकच पान फाडून पाठवतो.

तार करू नकोस. बातमी चांगली असली तरी नको. तार म्हटली की तुझी आई फोडायच्या आधीच खाली बसेल. कार्ड टाक. फार लिहायला नको, बसवत नसेल, वेळ नसेल, मनात नसेल. फोटो पोचला नसेल तर तसं लिही, पुढच्या माघात पुन्हा काढू, दादा उभे राहतो म्हणालेत. पोचून आवडला नसेल तरी लिही. काहीच लिहू नये असं वाटलं तर कोरं कार्ड टाक. पत्ता तेवढा जावयांकडून लिहून घेऊ नकोस, तुझ्या हातानं घाल. अक्षर बघितलं की आम्हाला पुरे.

दादा बांधावर जाऊन उभे आहेत. लवकर टाक.